जुनी गाडी, जाणता हात



जुलै महिन्यातला दुसरा रविवार 'जावा-येझदी दिवस' म्हणून पाळला जातो. पुणे, मुंबई, बंगलोर अशा शहरांत त्या दिवशी भल्या सकाळी जुन्या मोटारसायकली बाहेर निघतात. कुणाची टाकी नव्या रंगात चमकत असते, कुणाच्या सायलेन्सरमध्ये तोंड दिसेल इतकी त्याला झिलई असते. मंडळी एका ठिकाणी जमतात, चहा-पोहे होतात, फोटो निघतात, रांगेनं एक फेरी होते आणि दुपारी जो तो आपल्या घरी जातो. हा सगळा हौसेचा मामला. रविवारची सुटी खर्च करून चार माणसं धडपडतात म्हणून तो उभा राहतो.

आमच्या सावलीत याच सुमाराला रोवणीची धांदल सुरू झालेली असते. बाया गुडघाभर चिखलात पऱ्हे रोवत असतात. त्या रविवारी एखादी जुनी येझदी आमच्याकडेही निघते, पण ती मिरवायला नव्हे. पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीवर पोचवायच्या असतात, रोवणाऱ्या बायांचे डबे न्यायचे असतात. एकच गाडी, एकच रविवार. शहरात तिचा मान वेगळा, इथं तिचं काम वेगळं. जुनी गाडी जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं, हा प्रश्न मला या दोन रविवारांनी घातला. त्याबद्दल आज थोडं बोलतो.

आमच्या आधीच्या पिढीनं मोटारसायकलला 'फटफटी' म्हटलं. आवाजावरून पडलेलं नाव. पण फटफटीची कुळकथा लांबची आहे. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक या गृहस्थांनी १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' म्हणजे 'जा' आणि वाँडररमधला 'वा', मिळून झालं जावा. १९६० नंतर ही गाडी म्हैसूरला बनू लागली, इराणी कुटुंबाच्या 'आयडियल जावा' या कारखान्यात. पुढं परदेशी कंपनीशी असलेला करार संपला आणि १९७० नंतरच्या दशकात त्याच गाडीचं नाव झालं येझदी. या नावाचा संबंध इराणमधल्या यझ्द शहराशी सांगतात. आणि गंमत अशी, की चेक भाषेत 'येझदी' म्हणजे 'तो गाडीवर जातो'. दोन्ही घराण्यांना आपला वाटावा असा शब्द. माझ्यासारख्या शब्दांवर जगणाऱ्या माणसाला याचा फार आनंद होतो. राजदूतचंही तसंच. १९६२ पासून एस्कॉर्ट्स कंपनी ती बनवू लागली. तिचा मूळ आराखडा पोलंडच्या एसएचएल नावाच्या गाडीचा. म्हणजे प्राग, पोलंड, यझ्द आणि म्हैसूर असा प्रवास करून या गाड्या आमच्या पांदणीत शिरल्या.

आणि पांदणीतच रमल्या. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्या काळात चांगला रस्ता मुख्य गावांपुरता. सावलीहून व्याहाडकडे जा, पाथरीकडे जा, वैनगंगा ओलांडून पलीकडे जा. डांबर सुटलं की पुढं लाल माती, नाही तर काळा चिखल. तिथं ग्रामसेवक राजदूतवर, तेंदूच्या फळीवरचा मुन्शी येझदीवर, कंपाउंडर राजदूतवर. तलावाची मासोळी, धानाचं पोतं, बाळंतीण बाई, नाटकाच्या पडद्याचं बोचकं, सगळं या गाड्यांनी वाहिलं. झाडीपट्टीत नाटक रात्रभर चालतं. पहाटे नाटक सुटलं, की गारठ्यात एकामागून एक किक बसायच्या आणि पेट्रोल-ऑईलच्या निळ्या धुरात मंडळी आपापल्या गावाला निघायची. धुळीत चालवण्यासाठी वेगळी गाडी असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आमची प्रत्येकच गाडी धुळीतली होती.

जगात मात्र धुळीतल्या गाड्यांचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. इंग्लंडमध्ये १९२४ साली कँबर्ली इथं ओबडधोबड माळरानावर मोटारसायकली पळवण्याची शर्यत झाली. अशा शर्यतींना तिकडं 'स्क्रॅम्बल' म्हणत. पुढं तिचंच मोटोक्रॉस झालं. जावाची भावंडं शोभावी अशा 'सीझेड' गाड्यांनी त्यात मोठं नाव काढलं. बेल्जियमचा जोएल रोबेर १९६४ साली सीझेडवरच २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. ती यंत्रं आता साठीची झाली. पण इंग्लंड-अमेरिकेत आणि इतरही देशांत शनिवार-रविवारी एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणावर जुन्या गाड्यांचे क्लब अजून त्या पळवतात. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या त्या जुन्या गाड्या. गाड्यांच्या वयानुसार गट पाडतात, म्हणजे म्हाताऱ्या गाडीला तरण्या गाडीशी झुंजावं लागत नाही. सकाळी प्रत्येक गाडीची तपासणी होते: ब्रेक लागतो का, हँडल ढिलं आहे का, अॅक्सिलरेटर सोडला की परत येतो का. वळणावळणावर पिवळं निशाण घेऊन स्वयंसेवक उभे असतात. कुणी पडला की निशाण हलतं आणि मागचे वेग कमी करतात. ते निशाण धरणारा माणूस दिवसभर उन्हातान्हात उभा असतो, आणि फोटोत मात्र तो कुठंच नसतो.

हे वाचलं तेव्हा मला आपला शंकरपट आठवला. बैलजोड्या पळतात त्या दोन-चार क्षणांसाठी आख्खं गाव महिनाभर राबतं. कुणी पटाची जागा सारखी करतो, कुणी वेळ मोजतो, कुणी पाहुण्यांच्या जेवणाकडं बघतो, कुणी रात्रीच्या नाटकाच्या मागं असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं पट नव्हता. पण पट भरवण्याची रीत गावाच्या हातात होती, म्हणून तो परत उभा राहिला. रीत हातात असली की बंद पडलेली गोष्ट पुन्हा सुरू करता येते, ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

तर अशाच रीतीनं आमच्याकडच्या काही हौशी मंडळींनी एका जानेवारीत जुन्या गाड्यांचा रविवार करायचं ठरवलं. संस्था नाही, पावती-पुस्तक नाही. एक शाळामास्तर, एक विजेची कामं करणारा, एक निवृत्त वनरक्षक आणि आमच्या चौकातला मिस्त्री. मला माईक धरायला बोलावलं. खेड्यातल्या कवीला हे काम ठरलेलंच. मूल, सिंदेवाही, गडचिरोली इकडून वीस-बावीस गाड्या येतील असा अंदाज होता.

पहिला वाद झाला तो जागेवरून. तरुण पोरांचं म्हणणं, जंगलातल्या रस्त्यानं फेरी काढू. मोबाईलवर त्यांनी परदेशातले व्हिडिओ बघितलेले. झाडांतून गाड्या उडताहेत, माती उधळते आहे. वनरक्षकानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथं आपण दिवसभर गाड्या फिरवल्या, तर दुसऱ्या दिवशी सरपणाला जाणाऱ्या बाईनं काय करायचं जी?"

पोरं गप्प झाली. आमच्याकडं हा प्रश्न पुस्तकातला नाही. १० मे २०२५ रोजी शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात वाघ आहे आणि त्याच जंगलात उन्हाळ्यात मोहफूल वेचणारी, पानं तोडणारी माणसं आहेत. दोघांच्या मधली जागा आधीच फार थोडी आहे. आवाजानं बिथरलेलं जनावर कुठल्या बाजूला निघेल, हे कुणी सांगावं? जंगल कुणाचं खेळाचं मैदान नाही. शिवाय परवानगीशिवाय तिथं गाड्या नेणं कायद्यातही बसत नाही. शेवटी गावाजवळच्या एका पडीत जागेवर एकमत झालं. धान निघून गेलं असलं तरी बांध्यांत लाखोरी उगवलेली असते, म्हणून बांध्या सोडल्या. मालकाची हरकत नव्हती. चुन्यानं रेघा मारल्या, दोन वळणं आखली, एका ठिकाणी मुद्दाम पाणी सोडून चिखल केला.

नियम तीन. हेल्मेटशिवाय कुणी गाडीवर बसायचं नाही. शर्यत लावायची नाही. आणि गाडी बंद पडली, तर ती ढकलत बाजूला न नेता तिथंच सगळ्यांसमोर उघडायची. तिसरा नियम मिस्त्रीचा. आधी मला तो चमत्कारिक वाटला. दिवस संपता संपता लक्षात आलं, की सगळा मेळावा त्या एका नियमासाठीच होता.

या मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. जुम्म्याची नमाज आटोपली, की त्याच्या दुकानापुढच्या बाकड्यावर आमचा चहा होतो. माणूस बोलायला कमी. गाडी शंभर पावलांवर असतानाच तो आवाजावरून सांगतो, की पॉइंटचं अंतर वाढलं आहे की रिंगा झिजल्या आहेत. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑईल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये साठते आणि गाडीचा दम कोंडतो. तेव्हा तो सायलेन्सर काढून विस्तवात घालतो, लाल होईतो तापवतो आणि ठोकून सगळी काजळी बाहेर काढतो. जेट तोंडानं फुंकून उजेडाकडं धरतो. आरपार उजेड दिसला म्हणजे साफ. हे त्याला कुणी वहीत लिहून दिलेलं नाही. त्यानं ते नागपूरच्या एका उस्तादाकडं पान्हे पुसता पुसता उचललं.

त्या रविवारी एक बाई आपल्या मुलाबरोबर येझदी घेऊन आल्या. चालवत नव्हे, छोटा हत्तीत टाकून. गाडी त्यांच्या मालकांची. ते तेंदूच्या कामावर मुन्शी होते. ते गेल्यापासून अकरा वर्षं गाडी गोठ्यात, वर तणसाचा ढीग. मुलाला गाडीची फारशी ओढ नव्हती. शहरातला एक जुन्या गाड्यांचा व्यापारी साठ हजार द्यायला तयार होता. "चालू असली तर जास्त देईल," म्हणून मुलगा आलेला. तोही साधा, सरळ हिशोब.

मिस्त्रीनं गाडी मैदानाच्या मधोमध उभी केली. मी माईकवरून सांगत होतो आणि भोवती माणसं वाढत होती. टाकी उलटी केली तर गंजाचं पाणी निघालं. टाकीत मूठभर खडे आणि पेट्रोल घालून दोन पोरांनी ती अर्धा तास हलवली. प्लग काळा कुळकुळीत, घासला. कार्बोरेटर उघडला, तर आत वाळलेला डिंक बसावा तसं जुनं पेट्रोल चिकटलेलं. मिस्त्री स्वतः एकाही पान्ह्याला हात लावत नव्हता. "तू काढ," "तू धर," "ऐक, आवाज ऐक," एवढंच. पान्हा त्या बाईंच्या मुलाच्या हातात होता. जावा-येझदीची एक खुबी आहे: किक आणि गिअरची पट्टी एकच. आत दाबून वर फिरवली की किक, खाली सोडली की तोच गिअर. नव्या पोरांना ती सापडेचना. मुलानं ती शोधून काढली. म्हणाला, बाबा अशीच मारायचे.

दुपारी चारच्या सुमाराला गाडी बोलली. धुराचा असा लोट निघाला, की पहिल्या रांगेतली पोरं खोकत मागं सरली. मुलानं एक फेरी मारली, चिखलातून काढली आणि दुसऱ्या फेरीत ती पुन्हा बंद पडली. टाळ्या वाजायच्या थांबल्या. मिस्त्रीनं कान लावला, चाक फिरवलं आणि सांगितलं, की क्रँकचं ऑईल सील गेलं आहे, हवा ओढते आहे, पूर्ण इंजिन उघडावं लागेल, आजचं काम नाही. बाई हसून म्हणाल्या, "चालली तं खरी."

मंडळी, इथं खरी अडचण सुरू होते. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद झाला. जावाचं नाव २०१८ च्या नोव्हेंबरात आणि येझदीचं २०२२ च्या जानेवारीत बाजारात परत आलं. पण त्या नव्या गाड्या, फोर-स्ट्रोक. त्यांचं सील जुन्या गाडीला बसणार नाही. जुने भाग जुन्या गाड्यांमधून निघतात, नाही तर कुणी कारागीर लेथवर तयार करतो. दुसरी अडचण पेट्रोलची. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल ओलावा शोषतं आणि जुन्या गाड्यांमधलं रबर खातं. त्या गाड्या बनल्या तेव्हा याचा विचारच नव्हता. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर टाकीला आतून गंज चढतो. हे इथेनॉल ज्यांच्यापासून होतं त्यांत तांदूळही आहे. धानाच्या मुलखात राहून धानानंच आपली गाडी बिघडवावी, हा योग पाहून हसावं की रडावं कळत नाही. मिस्त्रीचा उपाय साधा: गाडी उभी ठेवू नका, ठेवायचीच असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करा, आणि नळी वर्षाला बदला.

तिसरी गोष्ट कायद्याची. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यात दुचाकीही आल्या. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, फेरनोंदणीला पाच हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. वारसा म्हणून दखल घेतली हे चांगलंच झालं. पण अशी नोंदणी झालेली गाडी रस्त्यावर रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. ज्याची राजदूत आजही धानाचं पोतं वाहते त्याच्या हे कामाचं नाही. त्यानं आपली साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नवी करत राहावं. कायद्याच्या लेखी जी गाडी काम सोडते ती वारसा, आणि जी काम करत राहते ती नुसती जुनी. माझं मत उलटं आहे, आणि कायद्याला ते कळायचं कारण नाही.

सावलीला या विचाराची थोडी सवय आहे. १९३६ साली गांधी सेवा संघाची बैठक इथं भरली तेव्हा गांधीजी सावलीला आले होते. आमचं गाव खादीचं. चरखा काय आणि फटफटी काय, यंत्रच. पण चरखा मोडला तर गावातला सुतार तो नीट करू शकतो, ही त्या यंत्राची खरी ताकद होती. जुन्या फटफटीत मला तेवढंच साम्य दिसतं. ती उघडता येते. आतलं सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं. आजच्या गाडीत काही बिघडलं की आधी लॅपटॉप जोडतात. त्यात वाईट काही नाही. नव्या गाड्या धूर कमी सोडतात, पेट्रोल कमी पितात. जुन्या टू-स्ट्रोकच्या धुराचं मी कौतुक करणार नाही. रोज सगळ्यांनी त्याच चालवाव्यात असंही म्हणणार नाही. मिस्त्रीच्या हातातलं ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये, इतकीच माझी मागणी आहे. त्याच्या दुकानात आता शिकायला पोरगं टिकत नाही. ज्या उस्तादाकडं तो शिकला त्याचं दुकान केव्हाच बंद झालं.

तुम्ही विचाराल, त्या येझदीचं पुढं काय झालं. होळीनंतर बाईंनी ती विकली. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण होतं, फी भरायची होती. शहरातला व्यापारी आला आणि घेऊन गेला. ती आता कुणाच्या दिवाणखान्यात उभी असेल, किंवा जुलैच्या दुसऱ्या रविवारी रांगेत चमकत असेल. बाईंनी चूक केली असं मला वाटत नाही. गाडी घरच्या माणसाच्या उपयोगी पडली. मालक असते तर त्यांनीही हेच केलं असतं.

पण तो मुलगा रविवारी मिस्त्रीच्या दुकानात येऊ लागला. आधी नुसता उभा राहायचा, मग पान्हे देऊ लागला. परवा एका राजदूतचा पॉइंट त्यानं एकट्यानं बसवला. मिस्त्रीनं फक्त आवाज ऐकला आणि चहाचा पेला खाली न ठेवता मान हलवली.

म्हणून श्रोतेहो, जुन्या गाड्यांचे मेळावे जरूर भरवा. रांगेनं फेऱ्या काढा, फोटो काढा. पण मैदानाच्या मधोमध एक जागा बंद पडलेल्या गाडीसाठी मोकळी ठेवा. गावातल्या मिस्त्रीला पाहुणा म्हणून बोलवा आणि त्याच्या दिवसाची मजुरी आधी द्या. जंगलाच्या वाटा जंगलासाठी सोडा. आणि तुमच्या गोठ्यात तणसाखाली एखादी फटफटी पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी घरातल्या मुला-मुलीला सांगा, की एक दिवस ती उघडून बघ. सुरू झाली तर बरंच. नाही झाली तरी बघणाऱ्याला ती काहीतरी शिकवेल. नंतर विकायची की ठेवायची, ते तुमचं तुम्ही ठरवा.